व्याह्यांच्या टेम्पोवरचं अर्धं स्वस्तिक

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, दिवाळीच्या तोंडावर

तीर्थस्वरूप साहेबराव दाजी यांच्या पायांशी,

ज्योतीरामचा, गुडघे कुरकुरत असतानाही पूर्ण वाकून केलेला नमस्कार पोचावा. इकडे सगळे बरे आहेत. विजयश्रीचं पित्त नेहमीच्या जागी आहे, दिपाली तर इतकी बरी आहे की तिच्याकडे बघून मला जास्तच धास्ती वाटते (ते पुढे येईलच), आणि माझं म्हणाल तर छातीत जरा धडधडतं, पण ते डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही, कारण ते कशानं धडधडतं हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता समोरच्या घरातली भांडणं नुसती ऐकू येत नाहीत तर दिसतातसुद्धा, असं गोजाअक्कानं फोनवर सांगितलं. ऐकून फार समाधान वाटलं. तरी डोळ्यांना ताण नको म्हणून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहितोय. अक्काला साष्टांग. तिला म्हणावं, पत्र आधी दाजींना वाचू दे, मग तू वाच. ती आधी वाचेल तर दुसऱ्या पानावरच मला फोन लावेल आणि तिसऱ्या पानावर जे आहे ते कुणी वाचणारच नाही.

फोन हातात असताना हा बाबा पत्र कसलं लिहितोय, असं तुमच्या मनात आलं असेल. दाजी, राग मानू नका, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता. मागच्या वेळी माझ्या मूळव्याधीची चौकशी तुम्ही केलीत, आणि पाठीमागून दोन अनोळखी माणसांनी मला औषध सांगितलं. हा विषय तसा नाही. पत्र पोस्टानंही पाठवत नाही. चाकणचे गॅरेजवाले इनायतभाई मंचरला सामान आणायला निघालेत, ते जाता जाता तुमच्या हातात देतील. त्यांना चहा द्यावा, पण फार काही विचारू नये. ते सज्जन आहेत आणि सज्जन माणसाला विचारलं की तो सांगून टाकतो.

तर काळजीचं काही नाही, हे आधी सांगतो. दिपालीचं लग्न तुम्ही जमवलंत, हिंदुरावांच्या निरंजनशी. असं घर मला सात गावं फिरून मिळालं नसतं. सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली, हॉल सांगून झाला. हिंदुराव बोलायला कडक असले तरी मनानं निर्मळ आहेत, तुमच्या शब्दाबाहेर नाहीत आणि तुमच्या पंचांगाबाहेर तर मुळीच नाहीत. सगळं सुरळीत होतं. ते सुरळीत असताना मला नीट बसवलं नाही, एवढंच झालं.

दसऱ्याच्या पूजेसाठी हिंदुरावांनी नवा पिकअप टेम्पो घेतला, पांढराशुभ्र. आता तुम्हाला माहीतच आहे, माझी भोसरीतली शेड म्हणजे रंगाचं आणि कोटिंगचं काम. व्याह्यांची नवी गाडी आली आणि कोटिंगवाल्या व्याह्यानं नुसतं पेढ्यावर भागवलं, तर चारचौघांत दिसतं कसं? मी म्हणालो, गाडी पूजेच्या आधी दोन दिवस माझ्याकडे राहू द्या, असा पारदर्शक हात मारून देतो की पावसाळे येतील-जातील, गंजाचा ठिपका दिसणार नाही. हिंदुराव म्हणाले, कशाला उगाच. त्यांच्या 'कशाला उगाच'चा अर्थ 'करा' असा होतो, हे तुम्हीच मला साखरपुड्यात शिकवलं होतं.

इथे आता दिपालीच्या कामाबद्दल थोडं लिहावं लागेल. (अक्का विचारते ना, पोरगी कंपनीत नक्की करते काय? मीही बरीच वर्षं नुसतं 'लॅबमध्ये असते' असं सांगत आलो. या महिन्यात सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं होतं.) पेन्सिलीत जे काळं असतं ते म्हणजे अतिशय पातळ थरांचा गठ्ठा. त्यातला एकच थर वेगळा काढला, एका अणूच्या जाडीचा, की त्याला ग्राफीन म्हणतात. जाडी नाहीच म्हटली तरी चालेल, पण ताकद पोलादाला लाजवणारी, आणि वीज त्यातून विनाअडथळा पळते. दुसरं झिंक ऑक्साइड. ते तर आपल्या घरातलंच आहे. तान्ह्या पोराची कातडी लाल झाली की जे पांढरं मलम लावतात त्यात ते असतं, टायरच्या रबरात असतं, आणि आजकालच्या पोरी उन्हात जाताना तोंडाला जे थापतात त्यातही असतं, कारण ते उन्हातले बोचरे किरण अडवतं. या दोघांची सोयरीक लावली की एक राखाडी पावडर होते. ती जंतू मारते, कापडाला लावली तर ऊन अडवते, विषारी वायू सुटला तर ओळखते, वीज साठवायच्या कामी येते, आणि पारदर्शक रोगणात किंचित मिसळून लोखंडावर मारली तर पाणी आत शिरू देत नाही म्हणून गंज लांब राहतो. आमची दिपाली ही पावडर बनवते. तिच्या कंपनीत ती कशासाठी बनवते, ते मात्र मी तेव्हा विचारलं नाही. बाप असून विचारलं नाही.

तिनं मला गंजाच्या कामासाठी एक बरणी दिली होती, शेडमध्ये नमुन्याचे पत्रे करून बघा म्हणून. वर बजावलं होतं, बाबा, डब्याला चिमूटभरच. जास्त झालं तर उलटं होतं. दाजी, मी चिमूटभरच घेतलं होतं. मग मनात आलं, ही काय नमुन्याची पट्टी आहे? व्याह्यांची गाडी आहे. व्याही जेवायला बसले तर आपण तुपाची धार मोजून सोडतो का? ते ताटावर हात आडवा धरतात, आपण बोटांच्या फटीतून वाढतो. चिमूटभर टाकून गाडी परत पाठवली आणि उद्या कुठे ओरखडा पडला, तर म्हणतील, मुलीच्या बापानं इथेही हात आखडला. म्हणून आणखी थोडी टाकली. मग डबा ढवळताना बरणीच्या तळाशी उरलेली बघून वाटलं, एवढीशी ठेवून तरी काय करायची. सगळ्या गाडीला नेहमीचं मारलं आणि समोरच्या बॉनेटला, जे चारचौघांना दिसतं, ते खास मारलं. बॉनेट जरासं राखाडी दिसायला लागलं. हिंदुराव म्हणाले, वा, चांदीसारखी झाक आलीय. मी लाजलोसुद्धा.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर नारळ ओवाळून फोडला, झेंडूचा हार घातला. कौशल्याबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, हळद-कुंकू पाण्यात कालवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. असं रेखीव काढलं की फोटोवाला दोनदा थांबला. गाडीचा नंबर यायचा होता, त्यामुळे ती कामाला लागली नाही. इनायतभाईंच्या गॅरेजच्या कडेला, हिंदुरावांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, तोंड पूर्वेला करून उभी राहिली. दसऱ्यानंतरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पहाटे काचेवर दव आणि नऊ वाजता टाळू भाजते.

त्यानंतर काही दिवसांनी मी पत्रिकेचा नमुना दाखवायला चाकणला गेलो. स्कूटर लावली, सहज टेम्पोकडे बघितलं, आणि दाजी, माझ्या हातातला नमुना खाली पडला. स्वस्तिक अर्धं होतं. उजवी बाजू लखलखीत, जशी काढली तशी. डावी बाजू नाही. पुसलेली नाही, फरपटलेली नाही, ओघळलेली नाही. नाहीच. म्हणजे तिथं कधी कुणी बोट लावलंच नव्हतं असा गाडीचा पत्रा. इनायतभाईंच्या छपराचा पत्रा उजव्या अंगाला सावली धरून होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या क्षणी मला सावली-बिवली काही दिसली नाही. मला एवढंच दिसलं की लग्नाची सुपारी फुटलेल्या घराच्या नव्या गाडीवरचं कुंकू अर्धं गेलं, आणि ज्या पावडरनं ते नेलं असावं ती त्या घरात येणाऱ्या सुनेच्या हातची आहे.

हे आपल्या लोकांना कसं वाटेल ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हैस आटली, नळाचं पाणी गेलं, सासऱ्याची दाढ दुखली, तरी नव्या सुनेच्या पायगुणावर येतं. इथे तर पाय अजून उंबऱ्यात पडायचाय आणि कुंकू आधीच गेलं. मी शिकलेला नसलो तरी अडाणी नाही, शकुन-अपशकुन मानत नाही, मांजर आडवं गेलं तर मी थांबतो ते फक्त मांजराला जाऊ द्यावं म्हणून. पण मी मानत नाही म्हणून हिंदुराव मानत नाहीत असं होत नाही ना! मी इकडे-तिकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून कुंकवाची पुडी घेतली, बाटलीतलं पाणी ओतलं आणि डावी बाजू गिरवून काढली. माझं स्वस्तिक म्हणजे विहीणबाईंच्या स्वस्तिकाशेजारी आलेला पाहुणाच. पण लांबून चालून जात होतं. मग घरात गेलो, पत्रिका दाखवली, चहा प्यालो, आणि बशीवर माझ्या बोटांचे लाल ठसे उमटले. पत्रिकेच्या शाईचे आहेत म्हणालो.

घरी येऊन मी दिपालीला अगदी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, का गं, ती तुझी पावडर रंग खाते का? ती म्हणाली, बाबा, ती त्यासाठीच तर आहे! मग तिनं मला समोर बसवून सांगितलं. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून रंगीत पाणी बाहेर पडतं, ते नदीत जाऊ नये म्हणून ही पावडर त्यात टाकून उन्हात ठेवायची. ऊन लागलं की झिंक ऑक्साइडमधले इलेक्ट्रॉन जागचे उठतात. एकटे असले तर उठतात आणि लगेच परत जागेवर जाऊन बसतात (बाबा, तुमच्यासारखे, रविवारी सकाळी, असं तिनं माझं उदाहरण दिलं). ग्राफीन त्यांना हाताला धरून दूर घेऊन जातं, म्हणून त्यांना परत बसता येत नाही, आणि मग ते ओलाव्याला आणि हवेला हाताशी धरून रंगाचे बारीक बारीक तुकडे करतात. रंग राहतच नाही. सावलीत काही होत नाही, ऊन पाहिजे. रोगणात चिमूटभर असेल तर दाणे आत बुडालेले राहतात आणि गंज अडवतात. जास्त झाले की वर तोंड काढून बसतात आणि हाताला लागेल त्या रंगाच्या मागे लागतात. हळद तर अशीही उन्हाला कच्ची. एवढं सांगून तिनं विचारलं, किती टाकलीत?

मी बरणी दाखवली. दाजी, मला वाटलं पोरगी आता डोकं धरून बसेल. ती टाळी वाजवून उठली. म्हणाली, कोरड्या पत्र्यावर, उघड्यावर, नुसत्या दवाच्या ओलीवर इतकं स्वच्छ गेलं? अर्धं झाकलेलं आणि अर्धं उन्हात, हे तर आम्ही मुद्दाम मांडून करतो! फोटो कुठंय? मी म्हणालो, फोटो कसला, मी गिरवून आलो. त्यावर मात्र तिनं डोकं धरलं. तिच्या मते मी एक उत्तम प्रयोग बिघडवून आलो. तिच्या लग्नाचं काय, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. तेव्हापासून मला तिच्याकडे बघून धास्ती वाटते असं मी वर म्हणालो ते यासाठी.

मग माझा दिनक्रम असा झाला. सकाळी उजाडता उजाडता स्कूटर काढायची, मोशीच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत चाकण गाठायचं, गाडीवरचं डावं अंग गिरवायचं आणि पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या सुटायच्या आत परत फिरायचं. घरी सांगितलं की डॉक्टरनं चालायला सांगितलंय. विजयश्री खूश झाली, पण आठवडाभर चालून नवऱ्याचं पोट वाढलं कसं हे तिला कळेना (तळेगाव चौकात वडापाव गरम मिळतो, आणि काळजीत मला भूक लागते). गिरवलेलं दोन-तीन उन्हांत पुन्हा फिकं पडायचं. मी कुंकू घट्ट केलं, तेलात कालवून बघितलं, एकदा तर शेडमधला लाल ऑक्साइडचा रंगच घेऊन निघालो होतो, पण देवाच्या कामात प्रायमर मारायचं धाडस झालं नाही. एक विचित्र गोष्ट मात्र व्हायला लागली. अधूनमधून मी जाऊन बघावं तर स्वस्तिक पूर्ण. माझ्यापेक्षा रेखीव. पहिल्यांदा मी तिथंच हात जोडले. म्हटलं, देवालाच माझी दया आली.

इनायतभाईंचं लक्ष होतंच. ते लवकर उठून गॅरेज झाडतात. एकदा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "काका, एक बोलू? वाईट मानू नका. पण येवढ्या सकाळी, कुणाच्या गाडीला, लपून कुंकू लावताय... लोकं त्याला वेगळंच नाव देतात. मी कुणाला बोल्लो न्हाई."  स्वतःच्या मुलीच्या सासरच्या गाडीवर करणी करणारा बाप, असं माझं नाव चाकणभर व्हायचं बाकी राहिलं होतं! मी त्यांना सगळं सांगितलं. इलेक्ट्रॉनचं सांगताना जरा गोंधळ झाला, पण त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "पण काका, तुमी एकटेच न्हाई. दुसरं बी कुणी येतं." कोण, ते सांगेनात. मी सांगितलं ना, सज्जन आहेत. मीच जास्त विचारलं नाही, विचारलं असतं तर सांगितलं असतं.

परवा मी पोचलो तर गाडीपुढे कुणीतरी वाकलेलं. डोक्यावर पदर, हातात करंडा. कौशल्याबाई! मला बघून त्यांच्या हातातून करंडा निसटला आणि कुंकू पायावर सांडलं. माझ्या हातात पुडी. त्यांनी माझ्या पुडीकडे पाहिलं, मी त्यांच्या करंड्याकडे, आणि बराच वेळ आम्ही दोघंही एकमेकांना नमस्कार करत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "म्हंजी दादा, तुमीबी?" मी म्हणालो, हो. त्या तिथंच गाडीच्या चाकाला टेकून बसल्या आणि रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "निरंजनची आधी एक सोयरीक मोडल्याली हाय. कारण कुणी सांगितलं न्हाई. आता हे अर्धं झाल्यालं तुमास्नी दिसलं, तर तुमी म्हणणार, ह्यांच्या घरात मंगल टिकत न्हाई. म्हणून फिकं झालं की मी काढतीया. कुणाला बोलायची सोय न्हाई." दाजी, मला इतके दिवस वाटत होतं की ही बाई माझ्या मुलीला नावं ठेवेल. आणि ती माऊली आम्ही तिच्या घराला नावं ठेवू म्हणून माझ्याही आधी उठत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मी त्यांना धीर देऊन सांगितलं की तुमच्या घराचा काही दोष नाही, कुंकवाचा नाही, देवाचाही नाही, मी बॉनेटला जे मारलंय त्यात उन्हात रंग खाणारी पावडर जास्त पडली. पत्र्याची सावली दाखवली, ऊन दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "ती पावडर कुठून आणली?" आणि इथे दाजी, माझी जीभ वळली नाही. पुण्याचे एक शास्त्रज्ञ आहेत, म्हणालो. मोठे आहेत, टक्कल आहे. टक्कल कशाला सांगितलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "बरं. पर माझ्या सुनंला हळद लागंल तवा ती तर न्हाई ना उडायची?" मी म्हणालो, नाही हो विहीणबाई, ती का उडेल. इतकं बोलून आम्ही दोघांनी मिळून स्वस्तिक पूर्ण केलं, उजवं त्यांनी उजळलं, डावं मी भरलं. त्यांनी जाताना आणखी एक गोष्ट सांगितली, पण ती तिच्या जागी लिहितो.

तर असं आहे. आता विहीणबाईंच्या मनातलं गेलं, माझंही बरंचसं गेलं. दिवाळी झाली की बॉनेट घासून काढतो आणि चिमूट म्हणजे चिमूट टाकून नव्यानं मारतो. काळजीचं काही नाही हे पुन्हा लिहितो, कारण पहिल्या पानावर लिहिलं तेव्हा माझाच विश्वास नव्हता. दिवाळीला इकडे या. अक्काच्या हातच्या अनारशांची वाट विजयश्री बघते आहे, आणि मी तर पित्त नसल्यामुळे जास्तच. थंडी सुरू झालीय, पहाटे बाहेर पडताना कान बांधत जा.

तुमचा मेहुणा, पाया पडून,
ज्योतीराम

ता. क. विहीणबाईंनी जाताना सांगितलेली गोष्ट अशी. हिंदुरावांनी ते अर्धं स्वस्तिक सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. घरात इतके दिवस कुणाला बोलले नाहीत (विहीणबाईंना आदल्या रात्री सांगितलं), फोनमध्ये फोटो काढून ठेवला, आणि गुरुवारी तो घेऊन ते तुमच्याकडेच राजगुरुनगरला येणार आहेत, याचा अर्थ काय आणि सोयरीक पुढे न्यावी का, हे पंचांग बघून सांगा म्हणून. दाजी, माझी पायधरणी आहे. त्यांना एवढंच सांगा की सूर्यनारायणानं आपल्या हातानं कुंकू उचलून घेतलं, यापेक्षा मोठा शुभशकुन नाही. शास्त्रीयदृष्ट्या यात खोटं काहीच नाही. ऊन सूर्याचंच असतं.

आणखी एक ता. क. पावडर दिपालीच्या हातची आहे हे मात्र काही झालं तरी बोलू नका. विचारलंच तर टकलू शास्त्रज्ञ. मी विहीणबाईंना तेच सांगितलंय, आपलं दोघांचं जुळायला पाहिजे.

तिसरा ता. क. वरचे दोन्ही रद्द समजावेत. पाकीट चिकटवायला डिंक मागितला तर दिपाली म्हणाली, बघू, आणि उभ्या उभ्या सगळं पत्र वाचलं. मी वरचे दोन खोडणार होतो. ती म्हणाली, राहू द्या, तुम्ही काय मागत होता ते आतोबांना कळू दे. ती रागावली नाही. रागावली असती तर मी तिची समजूत काढली असती. शांतपणे म्हणाली, "बाबा, मला त्या घरात राहायचंय. कधी भाजी करपेल, कधी प्रयोग फसेल, कधी आणखी काहीतरी माझ्या हातून बिघडेल. रोज सकाळी स्कूटर काढून तुम्ही किती वर्षं गिरवायला येणार?"  खरं सांगू का, जमेल तितकी वर्षं येईन, असंच ओठावर आलं होतं.

ती गुरुवारी रजा टाकून स्वतः तुमच्याकडे येतेय, हिंदुरावांच्या आधी पोचेल. अर्धा झाकून उन्हात ठेवलेला हळदीचा पत्रा बरोबर आणेल आणि सांगेल की ही पावडर मी केलीय, अशी वागते, आणि सून म्हणून हवी असेन तर हिच्यासकट हवी. मी यायचं नाही, मी मध्येच बोलतो, असं तिनं बजावलंय. बरोबरच आहे. हिंदुरावांना आधी पोटभर जेवू घाला, उपाशीपोटी ते कुणाचंच ऐकत नाहीत. तुम्ही काही सांगू नका, पंचांग काढू नका. फक्त एक करा. मध्यस्थ म्हणून बैठकीत तुम्ही नेहमी मुलाकडच्यांच्या बाजूला बसता, सुपारीच्या दिवशीही तिकडेच होतात. गुरुवारी तिच्या शेजारी बसा.